आरा एकट्याने ओढल्याची गोष्ट

माजलगावच्या धरणाकाठी वखारवस्ती नावाची चाळीसेक उंबऱ्यांची वस्ती आहे. तिला म्हणे कमान हवी होती, आणि कमानीला इतिहास. कालपरवाच्या वस्तीला इतिहास कसला, असं विचारायची सोय नव्हती, कारण सरपंच विजयसिंहांनी मनावर घेतलं होतं.

इतिहास सारजाबाईला तोंडपाठ होता. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा लोकांनी बुडणाऱ्या घरांच्या सागवानी तुळया आणि खांब काढून काठावर आणून टाकले. ते चिरायला तिचा नवरा आश्रुबा मोठा दुहाती आरा घेऊन आला. आश्रुबा उंचावर टाकलेल्या लाकडावर उभा राहून रेघ सांभाळायचा आणि सारजाबाई खालून आरा ओढायची. कापायचा जोर खालच्याचा, आणि भुसाही खालच्याच्याच डोळ्यांत. लाकूड चिरून होईपर्यंत लोक पत्रे ठोकून तिथंच राहिले, ते राहिलेच. वस्ती वसली ती अशी.

आश्रुबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. हारतुऱ्यांचा सोस सारजाबाईला नव्हता. कमानीच्या दगडावर नवऱ्याशेजारी आपलं नाव असावं, एवढंच तिला मनापासून वाटत होतं. तिनं सरपंचांना तीनदा सांगितलं आणि त्यांनी तीनदा मान डोलावली.

उद्घाटनाला तिला पुढच्या खुर्चीत बसवून सरपंचांनी दगडावरचा मजकूर वाचला. कै. आश्रुबांनी म्हणे एकट्याने आरा ओढून ही वस्ती उभी केली. टाळ्या पडल्या. सारजाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. मांडवात ओंडक्यावर शोभेला तोच जुना आरा ठेवला होता. ती उठली आणि त्याची एक मूठ तिनं सरपंचांच्या हातात दिली.

"वढा एकट्यानं," ती म्हणाली. "मी बघते."

चारचौघांत माघार घेईल तो पुढारी कसला! सरपंचांनी जोर लावला. आरा वाकला, थरथरला आणि ओंडक्यात रुतून बसला. फेटा सुटून गळ्यात आला, तेव्हा लोक तोंडावर हात धरून हसले. मजकूर दुरुस्त करू, असं सरपंचांनी तिथल्या तिथं कबूल केलं.

आणि शब्द पाळला. आठ दिवसांत नवा दगड बसला. तो त्यांनी स्वतः तिला वाचून दाखवला: आश्रुबांनी एका मजुराच्या मदतीने ही वस्ती उभी केली.

सारजाबाईनं दगडावरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "त्या मजुराचं नाव कावून न्हाई लिवलं?"

"जागा पुरली न्हाई, मावशी," सरपंच म्हणाले.

दगडाच्या खालच्या अर्ध्या भागात वीतभर अक्षरांत त्यांचं स्वतःचं नाव होतं.