दोन किलो जागा

माधुरीवहिनींचा फोन आला तेव्हा मी सनीव्हेलच्या घरी पुण्याला जायची बॅग भरत होतो. त्यांचा नवरा, माझा जुना मित्र सुधीर गेला होता... सकाळी चहा घेता घेता. आदल्याच दिवशी त्याचा मेसेज होता, "बॅगेत दोन किलो जागा ठेव. आईचं पार्सल उद्या तुझ्याकडे पाठवतो."

स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकताना आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी कॉम्प्युटरवाला, तो अर्थशास्त्रातला. एका छोट्या बेटाच्या देशाच्या परदेशी जमाखर्चावर त्याची पीएचडी चालली होती. बाहेर गेलेली माणसं घरी जे पाठवतात आणि ज्याच्या बदल्यात काही मागत नाहीत, त्याला त्या शास्त्रात चालू हस्तांतरण म्हणतात. वर्षं सरली तसा त्या देशाचा हा आकडा रोडावत गेला होता. लोक घर विसरतात, दुसरं काय, असं त्याच्या गाइडचं म्हणणं. सुधीरला ते पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. प्रबंध अडला, व्हिसाची मुदत जवळ आली, आणि हा गडी रोज नुसती मुगाची खिचडी करत बसायचा.

अशात एका रविवारी आमच्यातला एक मित्र भारतात निघाला. कोणी निघालं की सगळ्यांची पार्सलं त्याच्या बॅगेत, हा आमचा रिवाज. सुधीर हुकाच्या काट्याला पिशवी लटकवून वजन बघत होता. आत आईसाठी गुडघ्याचा पट्टा, बदाम आणि पाकिटात थोडे डॉलर. तो एकदम थांबला.

"यार, हे आकड्यांच्या कुठल्या टेबलमध्ये येतं?"

"कुठल्याच नाही," मी म्हटलं.

पुढच्या वीकेंडला तो बसने फिलाडेल्फियाला गेला आणि त्या देशाच्या लोकांच्या दुकानात दिवसभर बसला. तेही हेच करत होते. पैसे, बूट, औषधं, सगळं जाणाऱ्याच्या बॅगेत. कोणी कोणाला विसरलं नव्हतं. प्रबंधात एक प्रकरण वाढलं आणि सुधीर डॉक्टर झाला. इतका आनंद मला माझ्या डिग्रीचाही झाला नव्हता.

पुढे तो स्टेट कॉलेजलाच प्राध्यापक झाला, मी नोकरीसाठी सनीव्हेलला आलो, पण दोन किलो सुटले नाहीत. आणि त्याचे दोन म्हणजे नेहमी तीन. विमानतळावर बॅग उघडून जॅकेटं अंगावर चढवायची वेळ माझ्यावर यायची. एकदा वैतागून म्हटलं, "सरळ साताऱ्याला कुरिअर कर ना."

"कुरिअरवाला आईकडे चहा पिऊन मला फोन करणार आहे का?"

मी मात्र दरवेळी काकूंकडे चहा प्यायलो, त्याला फोन केला आणि येताना त्याचं मेतकूट आणलं. तो माणूस मला असा फुकट वापरायचा आणि मला ते फार आवडायचं.

वहिनींच्या त्या फोननंतर मी तिकीट पुढे ढकललं. गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. काकूंना सगळं कळलं आहे, तरी त्यांनी मी कधी येतोय ते विचारलं होतं. सुधीरच्या टेबलावर पार्सल तसंच उघडं होतं, शेजारी तो जुना काटा. मी सवयीनं लटकवून पाहिलं. बरोबर दोन किलो.

"आयुष्यात पहिल्यांदा," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो.

वहिनी आत गेल्या आणि बदामाची मोठी पिशवी घेऊन आल्या. ती पार्सलात ठेवून त्यांनी काट्याकडे पाहिलं. तीन झाल्यावर चिकटपट्टी लावली.