जरासं जाड तेल

नमनाला घडाभर तेल म्हणतात ना, ते आमच्या घरात खरोखरचं जळलं, आणि तेही माझ्या चमच्यांमध्ये. आमचे हे पकडीत चमचा धरून गॅससमोर उभे राहायचे. चमच्यात तेलाचे चार थेंब, खाली मंद आच. तेल धुरकट होऊन जळून गेलं की चमचा पांढऱ्या कागदावर पुसायचे आणि तो कागद खिडकीपाशी नेऊन बघत बसायचे. काजळी राहिली तर ते तेल बाद. राख राहिली तरी बाद. आणि काहीच राहिलं नाही तर मग जास्तच शंका, की इतकं स्वच्छ जळलं म्हणजे यात दम नसणार. माझ्या भाजीला महिनोन् महिने गॅरेजचा वास यायचा.

हे लिफ्टचे मेकॅनिक. आता रिटायर झालेत, पण स्वभाव कुठे रिटायर होतो? कंपनीत त्यांना चिंतोपंत म्हणायचे. लिफ्ट वर गेली तर खाली येईल ना याची काळजी, खाली आली तर वर जाईल ना याची. उभी नोकरी डोळ्यात तेल घालून केली आणि त्यांच्या हातची एकही लिफ्ट कधी अडकली नाही. मी म्हणायचे, अडकायची तिची हिंमतच नाही, हा माणूस लगेच जिन्याने धावत येईल. घरातही तेच. बाहेर पडलो की कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघणार. दुधाने यांचं तोंड कधी पोळलं नाही, पण ताक मात्र जन्मभर फुंकून प्यायले. मी आणि आमची मुलगी ठकी, दोघी हसायचो. हसू नये तर काय करावं?

ती मोटारसायकल यांना एका जुन्या इमारतीच्या तळघरात सापडली, लिफ्टच्या मोटरखोलीशेजारी. वर पोती टाकलेली. घरमालक म्हणाला, घेऊन जा, माझी जागा तरी मोकळी होईल. हे ती ढकलत घरी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की मला रागवायचंही सुचलं नाही. नंतर रागावले, पुष्कळ.

त्या गाडीचं इंजिन जगावेगळं. इतर इंजिनांत दट्ट्या लिफ्टसारखा वर-खाली जातो. याच्यात तसलं काही नाही. पोटात एक तिकोनी गोळा गरगर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात. त्या पट्ट्या आतल्या भिंतीला सतत घासतात, म्हणून त्यांना तेल लागतं. त्यासाठी सीटखाली एक वेगळी छोटी टाकी, तिथून एक पंप थेंब थेंब तेल आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. हे मला त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की मी कणीक मळता मळता हो हो म्हणायचे आणि मनात दुधाचा हिशेब करायचे. सांगितलेलं सगळं कानावरून गेलं, आत काही उतरलं नाही.

जुन्या पट्ट्या झिजलेल्या, नव्या मिळायलाच वर्षं गेली. शेवटी परदेशातल्या एका म्हाताऱ्याने पाठवल्या आणि कळवलं, माझ्याकडचा हा शेवटचा संच, सांभाळा. झालं. आगीत तेल ओतल्यासारखं झालं ते. त्या दिवसापासून यांना झोप नाही. पट्ट्या गेल्या तर इंजिन गेलं, आणि पट्ट्या टिकणार की जाणार हे तेलावर. दुकानदार सगळ्यांत महागडं नवं तेल पुढे करायचा. हे म्हणायचे, अहो, हे तेल जळण्यासाठी केलेलंच नाही, आणि माझं इंजिन तर ते जाळणारच, मागे काय राहील? स्कूटरच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते तेल छान जळायचं, पण यांना ते पातळ वाटायचं. पुढे पुढे दुकानदार यांना लांबून बघितलं की मागच्या खोलीत जाऊन बसायला लागला.

अखेर एक साधं, जुन्या पद्धतीचं तेल ठरलं, ना पातळ ना जाड. गाडी सुरू झाली, निळा धूर निघाला, शेजारच्या मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला. त्या भांडायला आल्या आणि हे त्यांच्याकडे बघून हसत होते. इतकं खूश मी यांना फार कमी वेळा पाहिलंय.

मग ठकीला घाटापलीकडच्या गावात नोकरी लागली आणि तिने ती गाडी मागितली. मला वाटलं, हे नाही म्हणतील. हे हो म्हणाले. म्हणाले आणि दुसऱ्या मिनिटापासून यांचा जीव टांगणीला. घाटाचा चढ, पाठीवर सामान, इंजिन तापणार, हे तेल तेवढं टिकेल का? जेवताना घास हातात तसाच राहायचा. त्यात दुकानात कोणी एक उंटावरचा शहाणा भेटला. म्हणाला, साहेब, जुन्या इंजिनाला नेहमी जाड तेल, त्यात काय विचारायचं? असं तर सगळेच म्हणतात. मीही म्हटलं असतं.

ती निघायच्या आदल्या दिवशी दुपारी यांनी छोटी टाकी रिकामी केली आणि जाड तेल भरलं. फार नाही, जरासंच जाड. निव्वळ काळजीपोटी. तेलाची पातळी दिसावी म्हणून टाकीला एक काचेची पट्टी होती, तिच्यावर माझ्या नखांच्या रंगाने खूण केली. संध्याकाळी ठकी तलावापर्यंत लांब चक्कर मारून आली. आल्यावर बघते तर बाबा परत टॉर्च घेऊन सीटखाली वाकायच्या बेतात. तेव्हा ती भडकली. “बाबा, उद्या मी निघेपर्यंत त्या टाकीकडे बघायचं नाही. बघितलंत तर गाडी इथेच ठेवून बसने जाईन.” मी तिचीच बाजू घेतली. चांगलं तोंडसुख घेतलं, म्हटलं, पोरीला सुखाने जाऊ द्याल की नाही? यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि कबूल केलं. आणि गंमत बघा, जन्मात पहिल्यांदा या माणसाने न बघण्याचा शब्द पाळला.

सकाळी कडाक्याची थंडी होती. गाडी सुरू झाली तशा मास्तरीणबाई गॅलरीत आल्या आणि म्हणाल्या, अभिनंदन, आज तुमच्या गाडीला धूर नाही. हे फाटकाशी हात मागे बांधून उभे होते, नजर मुद्दाम रस्त्याकडे. मी बॅग बांधताना सहज वाकून काचेकडे बघितलं. तेल अगदी माझ्या खुणेवर. म्हटलं, चला, निदान एक काळजी मिटली. ठकीने हेल्मेट घातलं, मला मिठी मारली, बाबांना नुसता हात केला आणि गेली.

आत आलो. यांच्यापुढे चहा ठेवला तो तसाच गार होत होता. मला दया आली. म्हटलं, या माणसाला कधी तरी चांगली बातमी द्यावी. “तुमचं तेल झकास आहे हो. काल एवढी फिरून आली, तरी केसभर कमी झालेलं नाही. मी बघितलं.”

“कमी झालं नाही?”

“थेंबसुद्धा नाही. आणि धूरही नाही.”

हे उठले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. “अगं, ते कमीच व्हायला हवं,” एवढंच म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कणीक मळताना हो हो म्हणून ऐकलेलं सगळं एकदम समोर आलं. तेल जळायला हवं होतं. धूर निघायला हवा होता. जाड तेल त्या जुन्या पंपाने ओढलंच नव्हतं, थंडीत तर शक्यच नव्हतं; काल नळीत उरलेल्या जुन्या तेलावर भागलं होतं. पोरगी कोरडं इंजिन घेऊन घाटाकडे गेली होती आणि मी वर शाबासकी देत होते.

यांनी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मी म्हटलं, गाडीवर असताना तिला कसं ऐकू येणार, थांबेल तेव्हा करेल. पण थांबेल कशी, हेच तर कोणाला माहीत नव्हतं. हे चपला न घालताच कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे गेले. त्याची व्हॅन नुकतीच पाव पोचवून आली होती. त्याने काही विचारलं नाही, रिकामे ट्रे खाली काढले आणि आम्हाला बसवलं. यांच्या चपला मी हातात घेतल्या होत्या.

व्हॅन गावाबाहेर पडली. मग यांनी मी न विचारता सांगायला सुरुवात केली, समोरच्या रस्त्याकडे बघत, कामावरचा रिपोर्ट द्यावा तसं. पट्ट्या कोरड्या झाल्या की भिंतीला ओरबाडतात. बहुतेक वेळा इंजिनातली ताकद जाते आणि ते थांबतं. पण कधी जाम बसलं, तर मागचं चाक तिथल्या तिथे थांबतं आणि गाडी आडवी होते. मागे ट्रक असला तर. इथे त्यांनी वाक्य सोडून दिलं. बेकरीवाला बिचारा धीर द्यायला म्हणाला, माझी व्हॅनही तेल खात नाही, काही होत नाही हो. त्याला काय सांगणार?

“मीच जाड घातलं,” हे म्हणाले. “चांगलं चाललं होतं ते काढून घातलं.”

मला म्हणावंसं वाटलं, तुम्ही बघायला निघाला होतात, आम्ही मायलेकींनी टॉर्च काढून घेतला. इतकी वर्षं या माणसाच्या काळजीला हसलो आणि नेमकी एकदा ती गप्प बसवली. मी त्यांचा हात धरला.

घाट लागला. समोरून ट्रक येत होते. हे खिडकीतून अर्धे बाहेर, रस्त्यावर घासल्याच्या खुणा शोधत. प्रत्येक वळणाला माझे डोळे आपोआप मिटायचे आणि वळण संपलं की उघडायचे. फोन चालूच होता, वाजून वाजून बंद व्हायचा, हे परत लावायचे.

एका वळणावर ती गाडी दिसली. दरीच्या कठड्याला टेकवून उभी केलेली. हॅण्डलला हेल्मेट अडकवलेलं. आजूबाजूला माणूस नाही.

व्हॅन थांबायच्या आत हे उतरले. अनवाणीच. कठड्यापाशी गेले आणि खाली वाकून बघायला लागले. मला उतरवेना. एका हाताने कठडा धरून यांनी दुसऱ्या हाताने परत फोन लावला, आणि तेवढ्यात आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला. फोन जवळच वाजत होता, रस्त्याच्या पलीकडे, खडीच्या ढिगामागे.

ठकी तिथे जमिनीवर बसली होती. धडधाकट. फोन तिच्या हातात होता, वाजत होता, आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

बाबांना बघून ती उठली आणि रडायलाच लागली. हुंदक्यांमधून जेवढं कळलं ते एवढंच, की चढावर गाडीची ताकद हळूहळू कमी झाली, मग आतून किरकिर ऐकू आली, तिने क्लच दाबून गाडी कडेला घेतली, आणि त्यानंतर ती सुरूच होईना. “तुमच्या पट्ट्या गेल्या, बाबा. मी मारलं तुमचं इंजिन.”

हे तिचे खांदे चाचपत होते, मग कोपरं, मग मनगटं, लिफ्टचा दोर तपासतात तसं इंच इंच करत. तिचं बोलणं त्यांच्या कानात शिरत होतं की नाही कोण जाणे. माझा मात्र तोपर्यंत स्फोट झाला. जीव भांड्यात पडला की माझं तोंड सुटतं. म्हटलं, अगं भवाने, फोन हातात आहे, वाजतोय, आणि उचलत नाहीस? इथे आमचा प्राण कंठाशी आलाय.

“काय सांगणार होते उचलून?” ती म्हणाली. “इतकी वर्षं बाबा त्या इंजिनासाठी झोपले नाहीत. फोन आला तेव्हा कळलंच मला, त्यांना काही तरी समजलंय, इंजिनाचं विचारायलाच करतायत. धीरच होईना.”

यांचे हात थांबले. मला वाटलं, आता सांगतील, तेल मी घातलं, तुझी काही चूक नाही. ते त्यांनी सांगितलं, पण नंतर, घरी आल्यावर. तिथे तसेच तिची मनगटं धरून उभे राहिले आणि म्हणाले,

“मी काय इंजिनाला फोन करत होतो, ठके?”