गाडी बंद, पंखा चालू

आमच्या घरात पंख्याखाली निवांत बसायचं असेल तर एकच उपाय आहे, जागेवरून उठायचं नाही. पाणी प्यायला उठलात, बेल वाजली म्हणून उठलात, की परत येईपर्यंत पंखा बंद झालेला असतो. आप्पा वीज खात्यातून निवृत्त झाले, पण वीज वाचवण्यातून त्यांना कुणी निवृत्त केलं नाही. माणूस नसलेल्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. सोलापूरच्या मे महिन्यात आई भाकऱ्या थापून घामाघूम होऊन बाहेर येणार, पंखा लावणार, कुकरची शिट्टी झाली म्हणून आत जाणार, आणि पदरानं तोंड पुसत परत येते तर पंखा गपगार.

"अहो, मी होते की इथं!"

"होतीस. आता नव्हतीस."

हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं आहे. घरात चोवीस तास चालू ठेवायची परवानगी असलेली ती एकच गोष्ट.

आप्पांची दुसरी निष्ठा म्हणजे गाडी. पांढरी, चौकोनी, दारं लावताना सगळ्या गल्लीला कळवणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, तिची काही चूक नाही. ही गाडी इतकी वर्षं चालवा असं तिनं सांगितलंच नव्हतं. गाडी पळत असली की ठीक, पण उन्हाळ्यात कुठं गर्दीत अडकली की तापायची. मग बॉनेट उघडायचं, वाफ जाईपर्यंत थांबायचं, पाणी ओतायचं. त्यासाठी आई मागच्या सीटवर पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसायची. लग्नाला निघालो की अक्षता चुकायच्या, बारशाला निघालो की पाळणा. आई सगळीकडं पोचायची ती शेवटच्या पंगतीला. एसटीनं जाऊ म्हटलं की आप्पांचा चेहरा पडायचा. "दारात गाडी असताना एसटी? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणत होते ते आम्हाला चांगलं माहीत होतं, आप्पांना कुणी सांगत नव्हतं इतकंच.

गेल्या उन्हाळ्यात करकंबच्या मावशीचा फोन आला. ही आईची थोरली बहीण. आई लहान असताना आजी गेली, तेव्हा या मावशीनंच तिला वाढवलं, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं. आई तिला अक्का म्हणते. मावशीचा मुलगा तिला आता कायमचं नाशिकला नेणार होता, घराला कुलूप लागणार होतं. रविवारी दुपारी जेवून त्यांचं निघायचं ठरलं होतं. "सकाळीच ये," मावशी फोनवर म्हणाली, "या घरात एकदा शेवटचं दोघी बसून जेवू." मावशीचं वय आणि नाशिकचं अंतर, दोन्ही बघता शेवटचं म्हणजे शेवटचंच होतं. आईनं फोन ठेवला आणि आप्पांना म्हणाली, "या खेपेला गाडी तापली ना, तर बघा." बघा म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही.

मी म्हटलं, थांबा, याचा एकदाचा निकालच लावते. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, जुन्या गाडीला विजेवरचा पंखा बसवून मिळतो. आमच्या गाडीचा पंखा इंजिनला पट्ट्यानं बांधलेला. इंजिन जोरात तर तो जोरात, गाडी गर्दीत रांगायला लागली की तोही रांगणार. म्हणजे गरज असेल तेव्हाच आळशी. असले लोक मी ऑफिसात रोज बघते, गाडीत नकोत.

वायरिंगवाला भेटला तो बोलण्यात इंजिनपेक्षा गरम. भंगारातल्या दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा पंखा त्यानं काढून आणला, जुना पंखा उतरवला, हा रेडिएटरच्या मागं बसवला. रिले लावला, फ्यूज लावला, पाणी तापलं की आपोआप चालू होईल असा एक सेन्सर खुपसला. मग टेचात म्हणाला, "देखो मॅडम, अब बरफ डालो तो बरफ जमेगा." पंखा फिरला. आवाज तर असा की पुढच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

आप्पांनी खिशातला रुमाल काढला आणि गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरला. रुमाल जाळीला चिकटायला हवा होता. तो उलट आप्पांच्या तोंडावर आला.

"हा उलटा वारा मारतोय," आप्पा म्हणाले.

"चाचा, फॅन फिरताय ना?"

"फिरतोय. उलटा फिरतोय."

थोडी वादावादी झाली, मग त्यानं दोन वायरींची अदलाबदल केली आणि रुमाल जाळीला चिकटला. झालं! त्या रुमालानं आमचा घात केला. आप्पा त्या क्षणापासून या वायरिंगचे साहेब झाले. छाती पुढं, हात मागं, गाडीभोवती दोन फेऱ्या.

मग मी गाडी चालवून आणली, बंद केली, किल्ली काढली, सगळे उतरलो. पंखा चालूच. पाणी गार होईपर्यंत तो फिरत राहणार, तसाच तो असतो, वायरिंगवाल्यानं समजावलं. आप्पा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष पंख्याकडं. गाडी बंद, आत चिटपाखरू नाही, आणि पंखा चालू! आमच्या घरात असं पाप कधी झालं नव्हतं.

"याला बटन पाहिजे," आप्पा म्हणाले.

"नक्को चाचा, ऑटोमॅटिक है."

"मी सांगतो ना, बटन पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी घरातून बटन आणलं. भिंतीच्या बोर्डावर असतं ते साधं, पांढरं, टकटक वाजणारं. वायरिंगवाल्यानं डोक्याला हात लावला, पण डॅशबोर्डखाली ते बसवून दिलं. बटन चालू असेल तर पंखा आपल्या मर्जीनं चालणार, बंद केलं तर काही झालं तरी चालणार नाही. "इसको हात नक्को लगाओ, बस," जाताना तो आप्पांना परत परत सांगत होता. आप्पांनी मान हलवली. ही मान मी लहानपणापासून बघत आलेय, तरी मी विश्वास ठेवला. मूर्ख कुठली.

रविवारी निघालो. मी चालवत होते, आप्पा शेजारी, आई मागं. नवी इरकल नेसली होती, कपाळाला ठसठशीत कुंकू. पाण्याचा कॅन मीच तिच्या मांडीवरून काढून खाली ठेवला. "आज याचं काम नाही," असं ऐटीत म्हटलंसुद्धा. मोहोळपर्यंत गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. आई खिडकीतून बाहेर बघत अक्काच्या आठवणी सांगत होती. अक्का शेंगदाण्याची चटणी कुटायची तेव्हा मुठीत लपवून हिला द्यायची, वडिलांचा मार स्वतःच्या पाठीवर घ्यायची. इतकं बोलताना मी तिला फार दिवसांनी ऐकलं.

मोहोळच्या पुढं एका फाट्याला आत वळलो, तर रस्त्याचं काम चाललेलं. एका बाजूनं सोडत होते. ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर, सगळे एकामागं एक. मी निर्धास्त. पंखा आहे की. आणि मग तो वास आला. ज्यांची गाडी तापते त्यांना तो वास झोपेतही ओळखू येतो. तापमानाची सुई पार वरच्या टोकाला. बॉनेटखालून वाफ.

रस्त्याकडेला एका लिंबाखाली गाडी घेतली. खाली वाकून बटन बघितलं. बंद होतं.

"आप्पा!"

"मोहोळच्या अलीकडं केलं होतं," ते म्हणाले. "मोकळा रस्ता होता. वारा फुकटचा येत होता की."

सगळ्यात संताप याचा आला की त्यांचं खरं होतं. गाडी वेगात असली की समोरचा वारा पुरतो, पंखा लागतच नाही. फक्त ते परत चालू करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बंद करणं हा त्यांचा धर्म, चालू करणं आजवर दुसऱ्याचं काम. मी जी तोंडाला लागले ती लागलेच. चार माणसं बघतायत, बघू देत म्हटलं. आप्पाही तापले. बॉनेटमध्ये डोकं घालून, पाण्याचे होजपाइप तपासत, ते मला वाऱ्याचं शास्त्र शिकवायला लागले आणि मी पलीकडून डोकं घालून त्यांना धर्म, अक्कल आणि वायरिंगवाल्याचे शब्द ऐकवत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. वाफ बसली, पाणी ओतायची वेळ झाली. "आई, कॅन दे गं," मी म्हटलं. कॅन आला नाही. मागचं दार उघडं. कॅन दाराशी मातीत ठेवलेला. सीटवर आईचा फोन होता आणि आई नव्हती.

तिला साखरेचा त्रास, सकाळपासून चहावर. आप्पा तर पांढरेफटक. समोर उसाच्या रसाचा गाडा होता. गाडेवाल्याला विचारलं.

"आज्जी व्हय? त्या गेल्या की वडापनं," तो म्हणाला. "करकंबचीच जीप होती. लई गर्दी होती, पर बसल्या."

आप्पांशिवाय कुठं गावाला गेलेली आई मी कधी बघितली नव्हती. आप्पांनीही नाही. त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. निम्मं बाहेर सांडलं.

करकंबला पोचलो तेव्हा मावशीच्या दाराला कुलूप होतं. आई ओट्यावर सावलीत बसली होती. इरकलीची घडी मोडलेली, डोळे सुजलेले, पण चेहरा निवलेला.

"भेट झाली?" आप्पांनी विचारलं.

"झाली. एका ताटात जेवलो. पोटभर रडलो. आत्ताच गेले सगळे."

आप्पांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्यांना राग आला. "मला सांगायचंस तरी. मीपण आलो असतो की तुझ्याबरोबर."

"हाक मारली होती की," आई म्हणाली. "म्हटलं, अहो, जीपमध्ये अजून एकाची जागा आहे, चला. तुम्ही बॉनेटमधनंच हात हलवलात. थांब गं, जरा गार होऊ दे, म्हणालात. जीप थांबत नव्हती. मला वाटलं, इतकी वर्षं थांबलेच की मी."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर आप्पांना उत्तर देता आलं असतं.

ते गाडीपाशी गेले, मागचं दार उघडून उभे राहिले. आई जागची हलली नाही. "तुम्ही दोघं व्हा पुढं," ती म्हणाली. "संध्याकाळी वडाप आहे मोहोळपर्यंत. तिथनं एसटीनं येते मी."

आप्पांनी दार लावलं, मला म्हणाले, "जा तू," आणि ओट्यावर आईच्या शेजारी जाऊन बसले. आई जरा सरकली, त्यांना जागा करून दिली.

गाडी मी एकटीनं सोलापूरला आणली. सगळी वाट मागची सीट रिकामी, आणि सुई अर्ध्याच्या वर गेली नाही.