बाबांच्या गाण्यातली खरखर

मोबाइल आणि हेडफोनच्या मधे लावायची काडेपेटीएवढी डबी मी हौसेनं मागवली. डॅक म्हणतात तिला; मोबाइलमधल्या आकड्यांचा ती म्हणे स्वच्छ आवाज करते. बायको म्हणाली, "पन्नाशीच्या कानाले नवी डबी कायले?"

पहिल्यांदा लावलं ते बाबांचं भीमगीत. गावाकडं, अनसिंगच्या घरी टेपरेकॉर्डरवर भरलेलं, पुढं भाच्यानं मोबाइलमध्ये उतरवून दिलेलं. त्यात मधेमधे खरखर यायची. कॅसेटच जुनी, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना ठासून सांगत आलो. आईचा आवाज मात्र आमच्याकडं कुठंच भरलेला नव्हता.

फुटाणे खात ऐकत होतो. डबीतून ती खरखर स्पष्ट झाली, अन् कळलं, टेपजवळ बसून कोणीतरी फुटाणे चावतंय. मग अगदी दबका आवाज आला, "हळू खाय ना रे, बाबा गाऊन राह्यले."

आई!

हेडफोन बायकोच्या कानाला लावला. ऐकून तिनं डोळे पुसले अन् म्हणाली, "अजूनबी तसेच खाता तुमी."

मी तोंडातला फुटाणा तसाच धरला, अन् गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.