तात्यांनी सांगितलं होतं, मोटार बंद कर

अन्याय झाला तो आमच्या साखर कारखान्यात यंत्रांना तेल घालणाऱ्या तेलवाल्या तात्यांवर. गेल्या दसऱ्याला, सकाळी, पाण्याच्या पंपाची मोठी मोटार सुरू होऊन अर्धा तास झाला तेव्हा. अन्याय करणारा म्हणून पत्रकांतून मालकाकडं मी शंभरदा बोट दाखवलं आहे. आज स्वतःकडं दाखवतो.

आदल्या दिवशी खंडेनवमी. यंत्रं थांबवून आम्ही पूजा मांडली. मोटारीच्या बेरिंगवरचं झाकण मी तेल बघायला उघडलं आणि तसंच ठेवलं. हळदकुंकू वाहून सगळ्यांनी मुठी भरभरून अक्षता टाकल्या. नंतर आत न बघताच मी झाकण लावलं.

दसऱ्याला स्विच माझ्या हातात. तात्यांनी लाकडी दांडा बेरिंगला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं.

“बंद कर रं. आतली कडी फिरत न्हाय. तेल वर चढंना.”

“तात्या, कालच्या पुरणपोळीनं तुमचाच कान जड झालाय!”

सगळे हसले.

“हस बाबा. हात लावून बघ, म्हंजी कळंल.”

मी हात लावला नाही. थोड्याच वेळात धूर निघाला, बेरिंग वितळलं.

कारखान्याच्या साहेबांनी ठरवून टाकलं, तेलवाल्यानं तेलच घातलं नाही. माझं डोकं फिरलं. बारामतीला जाऊन पत्रक छापून आणलं: ‘मालकाच्या भेसळीच्या तेलानं मोटार जाळली!’ ते वाटून झाल्यावर मी एकट्यानं बेरिंग उघडलं. तळाशी तेल भरपूर होतं. ते वर उचलणाऱ्या कडीत मात्र कुंकवानं लाल झालेला तांदूळ ठासून बसलेला. तो दाखवला असता तर तात्या सुटले असते. पण माझं पत्रक खोटं पडलं असतं. तांदूळ मी चिंधीनं पुसून फेकला. साहेबांनी तात्यांना कामावरून काढून टाकलं.

आता ते कन्हेरी गावात भावाच्या शेतात वांगी तोडतात. परवा भेटले.

“तुझं पत्रक एकाकडनं वाचून घेतलं. लई झ्याक लिवलंस. माज्यासाठी भांडलास.”

तिथून तडक साहेबांकडं गेलो, सगळं कबूल केलं. ते म्हणाले, “पत्रकवाल्याचं काय, आज एक बोलतो, उद्या दुसरं!”

माझा शब्द मीच नासवला. पण कामगारांनो, त्या पूजेत तुम्हीही होता. उघडं झाकण तुम्हीही पाहिलंत, तात्यांचं बोलणं ऐकून तुम्हीही हसलात. येत्या सोमवारी पहिल्या पाळीच्या आधी गेटवर या, आणि जे पाहिलंत ते साहेबांच्या तोंडावर सांगा.