काट्यापुरतं वजन

मुंगीच्या आईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पोटच्या पोरीला काखांत धरून गठ्ठ्यासारखं वरखाली करत होती. ज्युदो क्लासच्या दारात, सगळ्यांदेखत. मुलगी बुटांसकट लोंबकळत होती आणि आई डोळे मिटून अंदाज घेत होती. मग तिने मुलीला खाली ठेवलं.

"अर्धा किलो जास्ती. दूध कोणी दिलं तुला?"

"शेजारच्या काकूंनी."

"काकूंना म्हणावं, स्वतःच्या मांजरीला पाजा."

बाकावरचे पालक हसले. मीही हसले. बाईच्या जिभेला धार आहे, असं मनात म्हटलं आणि तिला माझ्या शेजारी जागा करून दिली.

क्लास एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर भरे. लोखंडी जिना, खालून ऑइलचा वास, वर घामाचा. भिंतीलगत एक लांब बाक, त्यावर आम्ही पालक. मी नातवाला घेऊन जायची. त्याने मर्द व्हावं अशी माझ्या सुनेची इच्छा. त्याला स्वतःला पडायला आवडे, पाडायला नाही. त्यामुळे तो सगळ्यांचा लाडका होता. सुटी झाली की पोरं गॅरेजच्या अंगणात सांडलेले नट वेचत आणि गोट्यांसारखे खेळत. बाकावर बसून दुसऱ्याच्या मुलाचं भवितव्य ठरवणं हा पालकांचा व्यायाम.

मुंगी हे नाव सरांनी ठेवलेलं. आल्याच्या पहिल्याच महिन्यात तिने आपल्या दीडपट मुलीला कमरेवर घेऊन आपटलं होतं. मला ज्युदोतलं ओ की ठो कळत नाही, पण ती पोर गादीवर उतरली की आम्ही गप्पा थांबवायचो. समोरचीचा तोल कुठे सुटतो आहे हे तिला आधीच कळायचं. आईसारखंच. आईलाही वजन हाताने कळे.

आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल. कपडे किलोवर येत, किलोवर जात. मधोमध मोठा काटा, तरी ही नुसता गठ्ठा उचलून आकडा सांगायची आणि काट्यावाला मान डोलवायचा. लग्नाआधीपासून तिथेच. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या रेघा. "आधी खिसे, मग पाणी," हा तिचा मंत्र. दुसऱ्याच्या खिशातून तिने पेनं काढली, चाव्या काढल्या, एकदा तर कवळी काढली. नवरा ट्रकवर होता, घरी पाहुण्यासारखा यायचा, मग पाहुण्यासारखाही येईनासा झाला. त्याचं तिने कधी भांडवल केलं नाही.

तिला हवं होतं ते एकच. सरकारी क्रीडा वसतिगृहात मुंगीला जागा. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं तिथेच, थेट शिक्षण संपेपर्यंत. आमच्या भागातून ज्युदोची एक मुलगी घेणार होते, आणि सरांचं म्हणणं असं की सर्वांत हलक्या वजनगटात मुंगीला कोणी हरवू शकत नाही. वरच्या गटात मात्र थोराड मुली होत्या.

"मी वाफेत शिजले," ती मला म्हणाली, "ही नाही शिजणार."

पण त्या वर्षी मुंगी वाढू लागली. वाढणारच. बारा वर्षांची मुलगी वाढणार नाही तर काय मी वाढणार? बाह्या आखूड झाल्या, आवाज बदलला, अंग भरू लागलं. कुठल्याही घरात यावर आनंद होतो. त्या घरात ते जास्तीचं वजन झालं.

एकदा पडदे आणायला मी लाँड्रीत गेले. पडद्यांचं विचारायला आतल्या खोलीत डोकावले, तर वाफेच्या इस्त्रीशेजारी स्टुलावर मुंगी. अंगात दोन स्वेटर, वरून प्लॅस्टिकचा रेनकोट, गळ्यापर्यंत बंद. तोंड लालबुंद. हातात डबा, त्यात ती थुंकत होती. आई चादर दाबत होती. दाबली की फस्स करून वाफ सुटे आणि पोर त्यात दिसेनाशी होई.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"स्पर्धा आहे आजी. पाणी काढतेय तिचं."

"पोर आहे की ओलं फडकं?"

"काट्यापुरतंच हो. काट्यावर उभी राहिली, आकडा लिहिला, की संपलं. मग काय हवं ते खाऊ दे. काट्याला काय कळतंय?"

"मला कळतंय ना. काढ तो रेनकोट."

मुंगीनेच मान हलवली. "नको आजी. अजून थोडंच राहिलंय." तिने हे अगदी शहाण्या मुलीसारखं सांगितलं.

मी सरांना गाठलं. "तुमच्या विद्यार्थिनीला तिची आई उकडते आहे. ठाऊक आहे का?"

सर पट्टा बांधत होते. "आजी, मी कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. वजन बसलं पाहिजे, एवढंच म्हटलं."

"आणि नाही बसलं तर?"

"वरच्या गटात खेळेल. हरेल. हरण्यातूनही मुलं शिकतातच की." हे त्यांनी बाकावरच्या तिच्या आईकडे बघत म्हटलं.

बाकावर बँकवाले होते. त्यांची मुलगी मुंगीच्याच गटात दुसरी. ते म्हणाले, "आजी, सोनंसुद्धा तापवल्याशिवाय उजळत नाही."

"मग तुमचं कन्यारत्न ठेवा की इस्त्रीखाली."

"आमची मुळातच बारीक आहे हो," ते म्हणाले, आणि सगळे हसले. मुंगीची आईही हसली. तिला त्या बाकावर टिकून राहायचं होतं.

स्पर्धेच्या सकाळी आकडा किंचित वर निघाला. आईने पिशवीतून कात्री काढली आणि मुंगीची वेणी मुळापासून कापली. पोर रडली नाही. पुन्हा काट्यावर उभी राहिली आणि बसली गटात. आईने लगेच केळं सोललं, पाण्याची बाटली उघडली. मुंगीने एक घोट घेतला, केळं माझ्या नातवाला दिलं आणि गादीवर गेली. शेवटच्या लढतीत तिने बँकवाल्यांच्या मुलीला असं आपटलं की पंचांना हात वर करायला वेळ लागला नाही. जागा मुंगीला मिळाली. आई बाकावरून उठलीच नाही. तोंडावर रुमाल धरून बसून राहिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

मुंगी खाईना. "पोट भरलंय," म्हणे. जेवताना भाताचं शीत न् शीत वेगळं करी आणि ताटाच्या कडेला लावून ठेवी. आई म्हणे, "अगं, काट्यापुरतं होतं ते. झालं ना आता!" आधी समजावलं, मग ओरडली, मग एक लगावली, मग स्वतः रडली. पोर मात्र गॅरेजचा जिना वर-खाली, वर-खाली पळत राही. काकूंच्या मांजरीचा उद्धार करणारी ही बाई एक दिवस पेला घेऊन त्याच काकूंच्या दारात उभी राहिली. "तुमच्या हातचं पिते का बघा ना."

मायलेकी वसतिगृहात भरतीसाठी गेल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला काट्यावर उभं केलं आणि परत पाठवलं. एवढ्या कमी वजनाची मुलगी आम्ही घेत नाही. वजन वाढवून आणा, तोवर जागा ठेवतो. नाहीतर यादीतल्या दुसरीला बोलावू. दुसरी म्हणजे बँकवाल्यांची.

मग दर आठवड्याला गल्लीतल्या दवाखान्यात वजन. आणि चमत्कार म्हणावा तसं ते वाढू लागलं. आई मला क्लासच्या जिन्यात थांबवून आकडा सांगायची. मुंगी स्वतःचे कपडे स्वतः धुऊ लागली होती, शिवणटिपण करू लागली होती. "पोर शहाणी झाली आजी." गाल काही भरेनात, मनगटं काड्यांसारखीच. पण काटा वर जात होता, आणि त्या घरात काट्याचा शब्द शेवटचा. पूर्वीसारखं उचलून बघायला गेलं तर मुंगी दूर सरे. "मोठी झाले मी," म्हणे. ते आईला पटलं. पटवून घ्यायचं असलं की माणसाला काहीही पटतं.

वसतिगृहात पुन्हा तपासणीला जायच्या सकाळी आई मला म्हणाली, "तुम्ही चला आजी. साहेबलोकांशी तुम्हाला बोलता येतं." मी गेले. बसमध्ये ती एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, धास्तावली असेल.

काय झालं होतं ते तिने मला नंतर सांगितलं. मुलगी मोठ्या जागी जायची, म्हणून तिने पहाटे मुंगीच्या ट्रॅकपँटला कडक इस्त्री करायला घेतली. पायाच्या दुमडीवरून इस्त्री फिरवली तर टक् झालं. पुढे पुन्हा टक्. दुसऱ्या पायालाही तेच. कमरेच्या पट्टीतही. तिने बोटांनी चाचपलं. गॅरेजच्या अंगणातले नट, एकाशेजारी एक, सगळे बारीक टाक्यांनी आत शिवलेले. टाका तिनेच लेकीला शिकवलेला. साऱ्या गावाचे खिसे तपासणारी बाई, तिने स्वतःच्या पोरीचे कपडे कितीतरी आठवडे हातात घेतले नव्हते.

तिने ते काढले नाहीत. नटांच्या बाजूबाजूने इस्त्री फिरवली, घडी घातली आणि पँट मुलीला दिली. "तिथल्या खोलीत जाईपर्यंत ठरत नव्हतं माझं," ती मला म्हणाली. "एकदा आत गेली असती तर तिथे बघितलं असतं कुणीतरी. जेवण असतं, डॉक्टर असतात. असं म्हणत होते मनाशी."

तपासणीच्या खोलीत पांढरी फरशी होती, कोपऱ्यात काटा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ये बाळ, बूट काढ." मुंगी काट्याकडे निघाली. चालताना एक बारीक खुळखुळ झाली. मला ती बांगड्यांची वाटली, आणि मग ध्यानात आलं की पोरीच्या हातात बांगड्या नाहीत.

"जरा थांबा," आई म्हणाली.

ती मुलीच्या पायाशी बसली. पिशवीतून कात्री काढली, तीच वेणीची, आणि दुमड उसवली. पहिला नट फरशीवर पडून गोल गोल फिरत कपाटाखाली गेला. मग बाकीचे. मुंगी हलली नाही. आईने दुसरा पाय उसवला, मग कमरेची पट्टी. खोलीत त्या लोखंडाचा आवाज तेवढा होता.

"आता घ्या वजन," ती म्हणाली.

मुंगीने आईकडे पाहिलं. "तूच म्हणाली होतीस ना," ती म्हणाली, "काट्यापुरतं."

डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला आणि पेन खाली ठेवलं. वसतिगृहाचं नावही मग निघालं नाही. त्यांनी सरळ मोठ्या दवाखान्यात फोन लावला. माझ्या साहेबी बोलण्याची गरज पडली नाही. अँब्युलन्समध्ये मुंगीचे बूट मात्र मी धरून बसले.

जागा बँकवाल्यांच्या मुलीला गेली. ते मला बाकावर भेटले तेव्हा म्हणाले, "वाईट झालं हो. शेवटी ज्याचं त्याचं नशीब."

"नशीब नाही, नट," मी म्हटलं आणि उठले. नातवाचा क्लास मी त्या दिवशी बंद केला. सुनेशी भांडण झालं, ते अजून आहे. सर तिथेच शिकवतात. चांगलं शिकवतात म्हणे.

दवाखान्यात मुंगीला नाकातून नळी घातली. ज्या चादरीवर ती पडून होती ती आईच्या लाँड्रीतून धुऊन आलेली. आई काम संपवून रोज जायची, आणि मुंगी भिंतीकडे तोंड करायची. नर्सशी बोले, माझ्याशी बोले, माझ्या नातवाने पाठवलेल्या चित्रांवर हसेसुद्धा. आईशी नाही. डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं, हे लांबणार आहे, हृदयावर ताण आलेला आहे, आणि सगळ्याच मुली यातून निघत नाहीत. मी विचारलं, म्हणजे किती निघतात? ते म्हणाले, आजी, तुम्ही तिच्याशी बोलत राहा.

घरी सोडलं तेव्हा आणायला मी गेले होते. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या वळणावरच मुंगी कठडा धरून थांबली. एके काळी जिने पळणारी पोर, ओठ निळे पडले होते. आईने पिशवी माझ्याकडे दिली आणि तिला उचललं, दोन्ही हातांवर, लहान मुलाला उचलतात तसं. मुंगीने या वेळी अंग चोरलं नाही. तेवढी ताकदच नव्हती.

मी मागून पिशवी आणि चपला घेऊन चढत होते. दुसऱ्या मजल्यापाशी मुंगीने तोंड वर केलं आणि आईशी बोलली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

"किती?"

आई थांबली. कुठलाही गठ्ठा उचलून आकडा सांगणारी बाई ती. तिच्या भाजलेल्या हातांना तो आकडा पहिल्या पायरीवरच कळला असणार. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"नाही ग कळत," ती म्हणाली आणि चढू लागली.

"सांग ना. किती?"

"नाही कळत."

असं वरपर्यंत चाललं. दार आलं तरी पोर विचारतच होती.