माल पुढच्या आठवड्यात

बायकोची फिटची गोळी नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या केमिस्टकडे संपली, तेव्हा तो म्हणाला, "काका, पुढच्या आठवड्यात माल येईल." हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. कोलशेतच्या एका औषध कारखान्यात मी नोकरीभर डिस्पॅचला होतो. कच्चा माल अडला किंवा एखादं मशीन बंद पडलं, की फोनवर आम्ही सगळ्यांना हेच सांगायचो. आठवडा कुठला, ते आम्हालाही ठाऊक नसायचं.

ही गोळी बनवणारे कारखाने मोजकेच. त्यातला मोठा दुरुस्तीसाठी बंद, बाकीच्यांची मशीनं आधीच रात्रंदिवस चालतायत. जास्तीचा माल ते काढणार कुठून? डॉक्टर म्हणाले, "दुसरी गोळी हळूहळू चालू करू. तोवर ही एकदम बंद करू नका." वा! जणू मीच बंद करत होतो.

मग आम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर गोळीचं नाव टाकलं. आपल्या माणसांना मदतीचा भारी उत्साह. डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत जो तो दिसेल त्या दुकानात शिरून विचारत सुटला, "आहे का? आली की सगळी आमच्यासाठी ठेवा." संध्याकाळी मेहुण्याचा कल्याणहून फोन आला.

"भावोजी, इथे एकाकडे थोडी आहे, पण देत नाहीये. म्हणतो, सकाळपासून ह्याच गोळीला माणसं येतायत, मोठी टंचाई दिसते. त्याच्या नेहमीच्या पेशंटसाठी बाजूला काढून ठेवलीय."

"कोण माणसं?"

"आपलीच की हो. मावशी जाऊन आली, तिचा जावई जाऊन आला..."

मी फोन आपटला. चिडायचं तरी कोणावर? सगळे बिचारे आमच्याचसाठी उन्हातून फिरले होते. बायको दारात उभी राहून ऐकत होती. पट्टीत दोनच गोळ्या उरल्या होत्या, आणि मला खरंच भीती वाटत होती.

सकाळी उठलो तर ती बेसिनपाशी हाताला साबण लावून काचेच्या बांगड्या उतरवत होती. लग्न झाल्यापासून तिचे हात मोकळे मी कधी पाहिले नव्हते. एक पिचकली तरी त्याच दिवशी जाऊन नवी भरून यायची.

"अगं, हे काय करतेस?"

"पडले तर काच घुसेल हातात," ती म्हणाली. "आणि आजपासून गॅसजवळ तुम्ही उभे राहा."

तिने बांगड्या पुसून कपाटात ठेवल्या आणि माझी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पुन्हा भरेन."